विंडोज 11, मॅक मिनी की लिनक्स मिंट? (काम लग्नपत्रिकांचं)

सुलेखा_सांगली:
घरीच लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बिलबुकं करून देते. लॅपटॉप 2017 चा, आय5 सातव्या पिढीचा. एसएसडी घातल्यापासून पळतोय नुसता. पण विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. एका पिढीने हुकलं!

लेक म्हणते, एम4 चिपवाली मॅक मिनी, म्हणजे ॲपलचा छोटा संगणक घे. भाचा म्हणतो, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाक, फुकटात काम होईल. माझं सगळं काम पेजमेकर 7 या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तेही जुन्या फॉन्टात, युनिकोडमध्ये (मराठी कुठल्याही संगणकावर दिसेल अशा आजच्या पद्धतीत) नाही. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्याची किल्ली) यूएसबीत खोचल्याशिवाय कीबोर्डवर मराठी उमटत नाही. भाच्याने पेनड्राइव्हवरून मिंट चालवून दाखवलं. देखणं आहे. पण पत्रिकेच्या मजकुराची वर्ड फाइल उघडली, तर ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस! काय करू?

बोरूबहाद्दर:
ताई, यात मिंटचा दोष नाही. जुन्या फॉन्टात इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी आकार बसवलेला असतो. फॉन्ट नसला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. फॉन्टची टीटीएफ फाइल तिथे टाका, बहुतेक दिसेल. टाइप करणं मात्र अवघड, कारण डोंगलवालं सॉफ्टवेअर विंडोजचं. आणि एक गंमत: लिब्रेऑफिस ड्रॉ हे फुकट सॉफ्टवेअर पेजमेकरच्या फाइल उघडतं. मांडणी जशीच्या तशी येईल या भरवशावर राहू नका.

मॅकवाला_नाशिककर:
मी मॅकचा भक्त, तरी सांगतो, घेऊ नका. पेजमेकरची मॅक आवृत्ती जुन्या मॅक ओएससाठी होती, आजच्या मशीनवर चालत नाही. आत विंडोज टाकलंत तर ते एआरएमवालं, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या चिपसाठीचं. डोंगलचा ड्रायव्हर त्यासाठी बनवलेला नसेल तर हटून बसेल. मशीन झकास आहे हो, तुमच्या कामाचं नाही.

जुनं_खोड:
चालत्या गाड्याला खीळ कशाला? विंडोज अपडेटमध्ये जाऊन नोंदणी करा, घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. पुढे वायफाय बंद, फाइल पेनड्राइव्हने. बँकेचं काम त्यावर अजिबात नको.

सुलेखा_सांगली:
नोंदणी झाली, पाच मिनिटांचं काम. लेक रुसली आहे.

भाच्याकडून ड्रॉमध्ये पत्रिका उघडवून घेतली. उघडली खरी! पण ‘आशीर्वाद’चा रफार सरकून ‘द’वर बसलेला आणि वधूपित्याचं आडनाव खालच्या ओळीत. रविवारी 400 पत्रिका छपाईला जायच्यात, त्या पेजमेकरातच करणार.

@बोरूबहाद्दर, जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारं खात्रीचं काही आहे का? ‘ऱ्या’ न मोडणारं हवं. मागे एकाने बदलून दिलं, तर ‘सोयऱ्यांसह’चं ‘सोयर्यांसह’ झालं होतं आणि ते वरमायच्या नजरेला पडलं.