फाशीला विरोध आणि इच्छामरणाला पाठिंबा: हा दुटप्पीपणा कसा?

अजनीकर:
काल इथे फिरणारी पोस्ट वाचून राहवलं नाही. तिचा सूर असा: ‘जीव घ्यायचा हक्क राज्याला नाही म्हणत फाशीविरुद्ध मेणबत्त्या लावणारेच उद्या डॉक्टरच्या हाती तो हक्क द्या म्हणून इच्छामरणाचा कायदा मागतात. एक तर दोन्ही माना, नाही तर दोन्ही सोडा.’

या वाक्यात संमतीला जागाच नाही. फाशीत मरणाऱ्याला कुणी विचारत नाही. इच्छामरणात त्याच्या मागणीशिवाय एक पाऊल पुढे जाता येत नाही. ओरेगॉनमध्ये १९९७ पासून कायदा आहे. सहा महिन्यांत मृत्यू येईल असं दोन डॉक्टरांनी म्हणायला हवं. रुग्णाने पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा तोंडी आणि एकदा दोन साक्षीदारांसमोर लेखी मागणी करायला हवी. औषध त्याने स्वतः घ्यायचं. (२०२० पासून, तेवढे दिवस जगण्याची शक्यता नसेल तर प्रतीक्षा माफ होते.) मन बदललं तर तो घेत नाही, विषय संपला.

दुसरा मुद्दा न्यायालयाकडून होणाऱ्या चुकीचा. आपल्या राज्यात फाशीची सोय दोनच तुरुंगांत, येरवडा आणि आपला नागपूरचा, वर्धा रोडवरचा. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी २७ मार्च २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर याच नागपूरच्या कारागृहातून सुटला, कारण गुन्ह्याच्या वेळी तो १२ वर्षं ६ महिन्यांचा होता. २८ वर्षांहून जास्त काळ आत. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, सगळ्यांच्या नजरेखालून ते वय निसटलं. मध्ये कधी खटका ओढला गेला असता तर?

सिव्हिल लाइन्सचा वकील:
तुमचं उदाहरण खरं आहे, पण निष्कर्ष उलटा आहे. चूक सापडली कारण कागद शिल्लक होता. फाशीच्या प्रकरणात दोषारोप, साक्षी, उलटतपासणी, निकालाची कारणं, सगळं लिहिलेलं असतं. सत्र न्यायालयाने ‘विशेष कारणं’ नोंदवायची (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९३), मग उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने शिक्षा कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही (कलम ४०७), मग सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्ती, २०१४ पासून पुनर्विलोकनही खुल्या न्यायालयात, मग राज्यपाल, राष्ट्रपती, आणि दया अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर किमान १४ दिवस. याकूब मेमनच्या वेळी ३० जुलै २०१५ च्या पहाटे तीन वाजता न्यायालय उघडलं, हे नागपूरकरांना सांगायची गरज नाही.

आता बंद खोलीतली संमती घ्या. वडिलांच्या नावावर सातबारा, थोरल्याचं कर्ज थकलेलं, रुग्णालयाचं बिल रोज वाढतंय. वडील म्हणतात ‘मला सोडवा’. ही इच्छा त्यांची की घराची? चूक झाली तर तक्रार करणाराच उरत नाही. तुमच्या आवडत्या संमतीत पुनर्विलोकन कुठे बसतं?

आणि कायदा संमतीला आंधळा नाही. न्याय संहितेच्या कलम १०१ चा पाचवा अपवाद (जुन्या दंड संहितेतल्या ३०० चाच) बघा. अठरा वर्षांवरच्या माणसाने संमती दिली असेल तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. म्हणजे संमतीने शिक्षा कमी होते, गुन्हा पुसला जात नाही. १९९६ च्या ग्यान कौर प्रकरणातही पाच न्यायमूर्तींनी हेच म्हटलं की जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही.

अजनीकर:
कागदावर एवढा विश्वास असेल तर अंकुश मारुती शिंदे प्रकरण वाचा. २००३ चा नाशिकचा गुन्हा, भटक्या जमातीतले सहा आरोपी. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती परत फाशीवर नेली. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीने शिक्षा वाढवली आणि तीच पायरी चुकली. मध्ये दया अर्ज झटपट फेटाळला गेला असता तर २०१९ चा निकाल कुणासाठी लिहिला असता?

रामदासपेठ:
कैद्यांचं पुराण पुरे. ज्या चार वर्षांच्या मुलीचा नागपूरजवळच्या वाडीत बळी गेला तिच्या घरच्यांना २००८ पासून विचारा. फाशी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम, पुनर्विलोकन २०१७ मध्ये फेटाळलं, राष्ट्रपतींनी २०२३ मध्ये दया नाकारली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालय म्हणतं, शिक्षेचा प्रश्न नव्याने ऐका. सतरा वर्षं! तुमच्या पायऱ्या कुणाच्या बाजूने आहेत?

सिव्हिल लाइन्सचा वकील:
रामदासपेठ, राग समजतो, पण त्या निकालाचं नेमकं कारण सांगतो. दोषसिद्धी जागेवरच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या मनोज निकालापासून फाशी देण्याआधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवाल, तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल आणि मानसिक मूल्यमापन मागवावंच लागतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं सत्र न्यायालयं दोषी ठरवल्याच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी शिक्षा सुनावत आली. मग हे अहवाल कधी येणार? वेळ वाचवायला म्हणून इथे घाई होते आणि त्याची किंमत पुढे दहा वर्षं मोजावी लागते.

अतिदक्षता:
माफ करा, पण तुम्ही सगळे अशा गोष्टीवर भांडताय जी भारतात अस्तित्वात नाही. डॉक्टरने औषध देऊन मृत्यू आणणं इथे गुन्हाच आहे. प्रत्यक्षात रोज जे घडतं ते वेगळं: व्हेंटिलेटर काढायचा की नाही, डायलिसिस थांबवायचं की नाही. अरुणा शानबाग प्रकरणातल्या २०११ च्या निकालाने याला वाट दिली, २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने जिवंतपणी केलेलं इच्छापत्र (पुढे कोणता उपचार नको ते आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं, पण त्याची पद्धत इतकी जाचक होती की पाळणं अशक्य. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी झाली. तरी कुठे अडतं ते सांगतो.

आधी प्राथमिक मंडळ: उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुय्यम मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आधीच्या मंडळात नसलेले आणखी दोन तज्ज्ञ. दोन्हींनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग नातेवाइकांची संमती, आणि अंमल करण्याआधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. कळवायचं, परवानगी मागायची नाही. हे अर्ध्या रुग्णालयांना अजून माहीत नाही आणि ते ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ म्हणून घरच्यांना पळवतात.

नागपूरच्या मेडिकल कॉलेजला किंवा मिहानच्या एम्सला चार तज्ज्ञ मिळतील. धंतोलीच्या वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये कुठून आणणार? गडचिरोलीत? आणि मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणजे आपल्याकडे नेमकं कोण, जिल्हा शल्यचिकित्सक की जिल्हा आरोग्य अधिकारी? रात्री अकराला फोन कुणाला लावायचा?

मग काय होतं? डामा. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेतो’ असं लिहून घेतात. अॅम्ब्युलन्समध्ये अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत भंडाऱ्यापर्यंत नेतात आणि घरी पोचल्यावर नळी काढतात. तिथे घशातला कफ ओढायचं सक्शन नाही, वेदना शमवणारं मॉर्फिन नाही, डॉक्टर नाही. माणूस गुदमरत जातो आणि कागदावर मात्र सगळे निर्दोष.

सिव्हिल लाइन्सचा वकील:
म्हणजे डॉक्टरच कायदा पाळत नाहीत आणि दोष कायद्याला?

अतिदक्षता:
कायदा पाळायला माणसं लागतात, वकीलसाहेब. तुमच्या फाशीला सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीवर पगारी माणूस बसलेला आहे. जेल मॅन्युअलमध्ये दोराची चाचणी कैद्याच्या वजनाच्या दीडपट वाळूची गोणी टाकून करा असंही लिहिलंय. खाली पडण्याचं अंतर कमी पडलं तर माणूस गुदमरतो, जास्त झालं तर मुंडकं तुटतं, म्हणून तेही वजनावरून ठरवतात. मारण्यासाठी इतकी काळजी. आणि सुखाने मरू देण्यासाठी एक फोन नंबर नाही. याचा मला संताप येतो.

वेदनाशमन:
इथे येऊन कुणीतरी मॉर्फिनबद्दल बोलेल म्हणून वाट पाहत होतो. अतिदक्षतेने निदान शब्द तरी काढला. अजनीकर, इच्छामरण मागणाऱ्या कर्करुग्णांपैकी कितीतरी जणांना मरण नको असतं, दुखणं थांबायला हवं असतं.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने दुकानदार मॉर्फिन ठेवायलाच घाबरला. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती ठेवणं सोपं झालं. तरी विदर्भातल्या तालुक्याच्या गावी गोळी मिळत नाही. मिळाली तरी ‘दुखलं तर घ्या’ असं सांगतात, जे साफ चूक आहे. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून. मध्ये कळ आली तर दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाइतका जादा डोस. पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत, नाहीतर बद्धकोष्ठाने रुग्ण गोळीच सोडतो. मूत्रपिंड निकामी असेल तर मॉर्फिन साचतं, मग कातडीवर चिकटवायचा फेंटानिलचा पट्टा बरा. पण पट्ट्याचा असर चढायला बारा तास लागतात, तोवर गोळी चालू ठेवावी लागते. आणि आपल्या मे महिन्यात विशेष जपावं: ताप किंवा पट्ट्यावर गरम शेक आला की औषध भराभर शोषलं जातं आणि श्वास मंदावतो. मात्रा आणि औषध डॉक्टरच ठरवेल, पण हे प्रश्न त्याला विचारा.

हे सगळं झाल्यावरही कुणी मरण मागत असेल तर बोलू. हे न करता कायदा आणणं म्हणजे दुखण्यावर उपचार म्हणून दुखणारा माणूसच काढून टाकणं.

अजनीकर:
हे नेहमीचं आहे. ‘आधी मॉर्फिन, मग हक्क.’ वीस वर्षांनी मॉर्फिन येईल तोवर लोकांनी तडफडायचं? आणि मोटर न्यूरॉन आजारात गिळणं, बोलणं, श्वास एकेक करून जातो, त्यात दुखणं हा मुख्य प्रश्नच नसतो. त्याला तुमची गोळी काय उत्तर देते?

वेदनाशमन:
त्याला गोळी पूर्ण उत्तर देत नाही. मान्य. पण श्वास लागण्याच्या भीतीवर अल्प मात्रेतलं मॉर्फिन चालतं, हेही लिहून ठेवा.

रामदासपेठ:
कॅनडात २०१६ मध्ये ‘मृत्यू जवळ आलेल्यांसाठीच’ म्हणून सुरू झालं. २०२१ मध्ये ती अटच काढली, नव्वद दिवसांच्या तपासणीची वेगळी वाट केली. बेल्जियमने २०१४ मध्ये वयाची मर्यादा काढली. आपल्याकडे एकदा दार उघडलं की म्हाताऱ्या आईबापांचं काय होईल ते सांगा.

अजनीकर:
बेल्जियमचं नाव घेतलंच आहे तर पूर्ण सांगा. तिथे फाशी नाही. तिथे मानसिक आजारामुळे शिक्षेऐवजी बेमुदत डांबून ठेवलेल्या एका कैद्याने मानसिक यातनांमुळे इच्छामरण मागितलं, २०१४ मध्ये मंजुरी मिळाली आणि जानेवारी २०१५ मध्ये डॉक्टरांनी माघार घेतली. का? त्याला उपचार मिळालेच नव्हते, म्हणून त्याची मागणी मोकळी मानता येत नाही, हा प्रश्न उभा राहिला आणि त्याला उपचार केंद्रात हलवायचं ठरलं. दबावाखालची संमती ओळखता येते, फक्त कुणीतरी बघायला हवं.

सिव्हिल लाइन्सचा वकील:
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. पहिल्यांदा मंजुरी दिली गेलीच ना? पण ठीक, शेवटी थांबले, एवढं मानतो. इच्छामरणाच्या कायद्याला माझा विरोध कायम. मात्र अतिदक्षतेचा मुद्दा मला खोडता येत नाही. दुय्यम मंडळासाठी डॉक्टर आधीच नेमून यादी जाहीर करायला राज्य सरकारला कुठलाही निकाल आडवा येत नाही. आणि मंडळाने नकार दिला तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं, खंडपीठाने ते ऐकायचं आहे. आपलं नागपूर खंडपीठ इथेच सिव्हिल लाइन्सला आहे, मुंबईला धावायची गरज नाही.

काटोलवाला:
राजेहो, वादात आमच्या डोक्याचा भुगा केला तुम्ही. एवढंच सांगा, आमच्यासारख्यानं ते जिवंतपणीचं इच्छापत्र करायचं तर कुठं जायचं? पाचशेच्या स्टॅम्पवर करायचं काय?

सिव्हिल लाइन्सचा वकील:
स्टॅम्पवर जोर देऊ नका, मजकुरावर द्या. कोणत्या अवस्थेत कोणता उपचार नको ते स्पष्ट लिहा: व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबणं, नळीने अन्न, प्रत्येक वेगळं. ‘मला त्रास देऊ नका’ एवढ्याने मंडळाला काही ठरवता येत नाही. निर्णय घेणाऱ्या नातेवाइकांची नावं टाका, एकापेक्षा जास्त, कारण पहिला परदेशी असतो नाहीतर भांडलेला असतो. दोन साक्षीदार, शक्यतो वारस नसलेले. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. प्रत नातेवाइकांना आणि नेहमीच्या डॉक्टरला द्या.

अतिदक्षता:
आणि एक प्रत तुमच्या नगरपरिषदेत. मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये त्यासाठी अभिरक्षक (हे कागद जपून ठेवणारे) अधिकारी नेमलेत. टेबलावरचा बाबू ‘असं काही नसतं’ म्हणू शकतो, तेव्हा मुख्याधिकाऱ्याच्या नावाने अर्ज जोडून आवक विभागात द्या, आणि आवक क्रमांक व तारीख टाकलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका.