सिगारेट सोडून सहावा दिवस, आणि काल एक ओढली. मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी का?

चाकणकर

नमस्कार. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी फिरत्या पाळ्यांमध्ये काम करतो. वय ४१. गेली १६ वर्षे दिवसाला दहा-बारा सिगारेटी चालू होत्या. गेल्या रविवारी रात्री पाकिटात उरलेल्या चार सिगारेटी मोडून न्हाणीघरातल्या नळाखाली भिजवल्या आणि सोमवारपासून बंद केल्या. मंगळवार आणि बुधवार फार वाईट गेले. डोके जड, पोट साफ होत नाही, रात्री दोनला जाग येते, आणि मुलीने पेन्सिल मागितली तरी मी तिच्यावर खेकसत होतो. गुरुवारी थोडे बरे वाटले आणि तिथेच मी गाफील राहिलो.

काल, शुक्रवारी, पहिली पाळी संपवून साडेतीनला नेहमीच्या टपरीवर कटिंग प्यायला थांबलो. टपरीवाला मला बारा वर्षे ओळखतो. मी दुचाकी लावेपर्यंत त्याने सवयीने बिस्किटांच्या बरणीच्या झाकणावर एक सिगारेट आडवी ठेवली होती आणि शेजारी लायटर. त्याला दोष देता येणार नाही, कारण मी सोडल्याचे त्याला सांगितलेच नव्हते. निम्मी होईपर्यंत गरगरले, मळमळले, तरीही थोटूक उरेपर्यंत ओढली. एक ओढली यापेक्षा ती अर्ध्यावर टाकली नाही, याचीच मला अधिक लाज वाटते. घरी अजून सांगितलेले नाही.

तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून धरावी का? चहा सोडावाच लागेल का? आणि ही तगमग आणखी किती दिवस राहते? सल्ला देणारे घरी पुष्कळ आहेत. यातून स्वतः गेलेल्यांनी लिहिले तर बरे होईल.

भोरकर

मला सोडून साडेतीन वर्षे झाली, तीही चौथ्या प्रयत्नात, त्यामुळे या विषयात माझे अपयशाचे शिक्षण चांगले झालेले आहे.

आधी मोजणीचे बोलू. सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत आपल्या नेहमीच्या हिशेबाने पन्नास-साठ सिगारेटी झाल्या असत्या. झाली एक. हा हिशेब बुडाला असे म्हणायला मी तयार नाही. माझ्या पहिल्या तीन प्रयत्नांत मात्र मी तसेच म्हणालो, आणि ‘आता मोडलेच आहे तर’ या चार शब्दांवर त्याच संध्याकाळी पूर्ण पाकीट घेऊन आलो. एका सिगारेटीने जेवढे नुकसान केले नाही तेवढे त्या वाक्याने केले.

आता तगमगीविषयी. निकोटिन रक्तातून फार लवकर उतरते. सुमारे दोन तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, आणि दोन-तीन दिवसांत शरीर त्यातून जवळपास मोकळे होते. म्हणूनच दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत जड जातो. आपले मंगळवार-बुधवार तेच होते, आणि ते आपण एकही झुरका न घेता काढले, हे आपण एका ओळीत उरकून टाकले आहे. पुढे चिडचिड, झोपमोड आणि पोटाची तक्रार दोन ते चार आठवड्यांत ओसरत जाते. तलफ त्यानंतरही येते, पण ती बहुधा काही मिनिटांचीच पाहुणी असते. मी त्या वेळात स्वयंपाकघरात जाऊन चहाचे भांडे घासत असे. ओल्या हातांनी सिगारेट पेटवता येत नाही, एवढाच त्यामागचा विचार. पहिल्या पंधरवड्यात आमच्या घरी एकही भांडे खरकटे राहिले नाही.

चहाचे उत्तर थोडे वेगळे आहे आणि ते मला फार उशिरा कळले. धुरातील काही घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा नेहमीपेक्षा वेगाने करते. धूम्रपान थांबले की तो वेग काही दिवसांत खाली येतो आणि तेवढाच चहा शरीरात अधिक वेळ रेंगाळतो. छातीत धडधड, रात्री दोनला जाग आणि हातांची अस्वस्थता यांतला काही भाग चहाचा असू शकतो, आणि आपण तो तलफेच्या खात्यावर लिहितो. चहा सोडू नका, निम्मा करा आणि संध्याकाळनंतर घेऊ नका. जागा मात्र बदला. टपरीवर उभे राहून चहा घ्यायचा आणि सिगारेट घ्यायची नाही, हा पराक्रम पहिल्या महिन्यात करून दाखवण्याची काही गरज नाही.

वारणाकाठ

वरील मताशी मी सहमत नाही. २०१९ मध्ये चाळीस दिवस काढल्यानंतर एका लग्नाच्या वरातीत मी ‘फक्त एक’ ओढली आणि ती मोजायची नाही असे स्वतःलाच समजावले. अकरा दिवसांत पुन्हा पूर्ण पाकिटावर आलो. पुढच्या वेळी नियम कडक केला: एक झुरका म्हणजे शून्य. आज शनिवार, आपला पहिला दिवस. राग येईल, येऊ द्यावा.

दंतवैद्य, लातूर

मोजणीच्या वादात मी पडत नाही. माझी चिंता दुसरी आहे. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत असे बरेच असतात, ज्यांनी सिगारेट मोठ्या निर्धाराने सोडली आणि महिन्याभरात तंबाखू मळायला सुरुवात केली. घरात धुराचा वास येत नाही म्हणून सगळे खूश असतात, आणि खिशात पुडी व चुन्याची डबी असते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांहून कमी आढळले, तर धूरविरहित तंबाखू घेणारे सुमारे २४ टक्के. म्हणजे कारखान्यात आपल्या आजूबाजूला सिगारेट पुढे करणाऱ्यांपेक्षा ‘घे एक चिमूट, तलफ भागेल’ म्हणणारे कितीतरी अधिक असणार. तंबाखूच्या बारातही निकोटिनच असते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळा. तोंडाला चाळा हवाच असेल तर लवंग धरा, भाजलेली बडीशेप चघळा, गाजराचे तुकडे डब्यात न्या. सुपारी नको, तीही कर्करोगकारक आहे.

निकोटिनच्या च्युइंगगमविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून सांगते. दोन मिलिग्रॅमची गोळी औषधांच्या दुकानात मिळते, पण बहुतेक लोक ती साध्या च्युइंगगमसारखी सतत चावतात, मग उचकी लागते, पोटात जळजळते आणि ‘मला चालत नाही’ म्हणून सोडून देतात. ती हळूहळू चावायची, तोंडात तिखटपणा जाणवला की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची, चव गेली की पुन्हा थोडी चावायची, असे साधारण अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असताना चहा-कॉफी घेऊ नये, कारण निकोटिन नीट शोषले जात नाही. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर अधिक मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कोणतीही मात्रा स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे. हा क्रमांक २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. पाकिटे आपण सोळा वर्षे हाताळली, आता तेवढा भाग उपयोगाला आणावा.

चाकणकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सर्व दोनदा वाचले आणि मग बायकोला सांगितले. ती म्हणाली, ‘शुक्रवारी शर्ट भिजत घालतानाच वास आला होता, तुम्ही कधी सांगता ते बघत होते.’ त्यापुढे ती काही बोलली नाही आणि मीही बोललो नाही.

मोजणीबाबत दोन्ही मते पटली, त्यामुळे मधला मार्ग काढला आहे. दिनदर्शिकेवर सोमवारपासूनच्या खुणा तशाच ठेवल्या, आणि शुक्रवारच्या चौकोनात काळ्या शाईने गोल केला. तो पुसायचा नाही. दुसरा गोल झाला तर मात्र वारणाकाठ यांचा नियम लागू.

टपरीवाल्याला आज जाऊन सांगून आलो. चहा घेतला नाही, दुचाकीवरूनही उतरलो नाही. तो हसला आणि म्हणाला की त्यानेही दोनदा सोडली आहे. राज्यात २०२० पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, हेही त्याला सांगावेसे वाटले होते, पण बारा वर्षे सुटी घेणाऱ्याने ते कोणत्या तोंडाने सांगावे? आता कारखान्याच्या मागच्या फाटकाने घरी जाणार आहे. दोन किलोमीटर जास्त पडतात.

एक अडचण उरते. उद्यापासून आठवडाभर रात्रपाळी आहे. पहाटे तीनला यंत्रे संथ होतात आणि सगळे पाच मिनिटांसाठी बाहेर जातात. त्या पाच मिनिटांचे काय करावे हे मला अजून कळलेले नाही.

वारणाकाठ

मी दूध संघात रात्रपाळीलाच असतो. आमचा टँकर तीनला येतो आणि तो रिकामा होईपर्यंत मला पंधरा मिनिटे बसूनच काढायची असतात. तीनला इथे लिहा. मी ‘शून्य’ म्हणालो होतो ते विसरू नका, पण लिहा.