शब्दचर्चा : ‘स्टेरॉइड’ला ‘उत्तेजक’ म्हणावे का?

प्रश्न : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करते आहे. ऑपरेशननंतरची वांती टाळण्यासाठी स्टेरॉइडचा एक डोस देतात, असा मजकूर आहे. बातम्यांत स्टेरॉइडला ‘उत्तेजक’ म्हणतात, तोच शब्द घेऊ का? आणि ‘वांती’त मळमळ येते का?

उत्तर : ‘उत्तेजक’ कृपा करून नको. बातम्यांतले उत्तेजक म्हणजे खेळाडू स्नायू वाढवायला घेतात ती अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड. ऑपरेशनच्या वेळी देतात ते डेक्सामेथासोन. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींत कॉर्टिसोल हे संप्रेरक तयार होते, त्याच्या धर्तीवर बनवलेले हे औषध. स्नायू वाढवणे हे त्याचे काम नाही. दोन्हींत साम्य आहे ते रेणूच्या चार कड्यांच्या सांगाड्याचे. कोलेस्टेरॉलचा सांगाडाही तसाच, आणि ‘स्टेरॉइड’ हे नाव त्याच घराण्यातले. मुळाशी ‘घट्ट’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे, कारण कोलेस्टेरॉल पहिल्यांदा हाती लागले ते पित्तखड्यांतून.

माझ्या आईचे ऑपरेशन पित्तखड्यांचेच होते. हातातल्या कागदावर ‘उत्तेजक’ वाचून ती थबकली. “हे खेळाडू घेतात तेच ना? मला कशाला?” सही करायला तयारच होईना. भूलतज्ज्ञ बाई पलंगाशी बसून शांतपणे समजावत राहिल्या, तेव्हा कुठे तिची भीती गेली. एका चुकीच्या शब्दामुळे आजारी माणसाच्या जिवाला घोर लागतो, म्हणून एवढे कळकळीने लिहितो आहे.

त्याच बाईंनी आईला विचारले होते, “गाडी लागते का?” हा प्रश्न सहज विचारलेला नव्हता. स्त्री असणे, धूम्रपान न करणे, गाडी लागण्याचा किंवा आधीच्या ऑपरेशननंतर उलट्यांचा त्रास आणि ऑपरेशननंतर अफूवर्गीय वेदनाशामके, अशा चार गोष्टी त्या मोजत होत्या. यांतली एकही नसेल तर त्रासाची शक्यता सुमारे 10 टक्के, चारही असतील तर 80 टक्क्यांच्या आसपास. गंमत बघा, मळमळीला डॉक्टर ‘नॉशिया’ म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशी जहाज आहे. आपले ‘बोट लागणे’ त्याच अनुभवातून आलेले.

आता ‘वांती’. वांती म्हणजे उलटी. मळमळ त्यात येत नाही आणि उमासेही येत नाहीत. मळमळ दुसऱ्याला दिसत नाही. आई उलटीसाठी दिलेला किडनी ट्रे छातीशी धरून, ओठ मिटून पडली होती. तोंडाला सारखे पाणी सुटत होते. नर्सने विचारले, “उलटी झाली का?” आई म्हणाली, “नाही.” ते खरेच होते, पण पोटात तासभर ढवळत होते त्याची नोंद कुठेच झाली नाही. मग उमासे सुरू झाले. बाहेर काही पडेना, पण प्रत्येक उमाशासरशी टाके ओढले जात. म्हणून मळमळ, उमासे, उलटी हे तिन्ही शब्द वेगवेगळे लिहा.

प्रश्न : मग ‘संप्रेरक’ चालेल? आणि ‘टाळण्यासाठी’ ठेवू की ‘थांबवण्यासाठी’?

उत्तर : संप्रेरक शरीर स्वतः तयार करते, हे बाहेरून दिलेले औषध आहे. ‘स्टेरॉइड’च राहू द्या. ‘थांबवण्यासाठी’ मात्र चुकेल. डेक्सामेथासोनचा असर चढायला वेळ लागतो, म्हणून भूल चढल्यावर सुरुवातीलाच 4 ते 8 मिलिग्रॅम शिरेतून देतात. जागेपणी झटकन दिले तर जांघेत विचित्र जळजळ, खाज होते, हेही एक कारण. ऑनडॅनसेट्रॉन हे उलटीवरचे दुसरे औषध बहुधा ऑपरेशन संपत आल्यावर देतात.

‘टाळण्यासाठी’ हे जरा जास्तच मोठे आश्वासन आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत ही दोन औषधे आणि ड्रॉपेरिडॉल हे तिसरे, या प्रत्येकाने धोका साधारण पाव हिश्श्याने कमी झाला. आईलाही डोस दिला होता, तरी त्रास झालाच. मी असे लिहीन :

‘भूल चढल्यावर शिरेतून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एकच डोस देतात. त्यामुळे ऑपरेशननंतर मळमळ आणि उलटी होण्याची शक्यता कमी होते. मधुमेह असेल तर आधी सांगा, कारण रक्तातली साखर काही काळ वाढू शकते.’

— वाक्ये घेते. ‘मळमळ’नंतर ‘उमासे’ही घालते आहे.