बोलता न येणाऱ्या लेकरांच्या वर्गाचं दार पालकांना उघडं हवं की नको?

मानेवाड्याची आई
माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, बोलत नाही. इथे नागपुरातच एका विशेष शाळेत जातो. दिवाळीनंतर त्याच्या पोटावर आडवा लाल वळ दिसायला लागला. विचारलं तर म्हणे पॅन्टचा पट्टा रुतला असेल. त्याच्या सगळ्या पॅन्टींना इलास्टिक आहे.

मग कळलं, त्याला सीपी चेअरमध्ये बसवून बेल्ट आवळतात. ज्या लेकरांना सेरेब्रल पाल्सीमुळे कमरेवरचं अंग सावरता येत नाही, त्यांना ताठ बसता यावं म्हणून ती खुर्ची असते. माझा मुलगा धावतो, आणि धावतो म्हणूनच त्याला बांधतात.

बाई मनाने चांगल्या आहेत असं सगळे सांगून राहिले. असतील. माझ्या दोनच मागण्या आहेत. शाळेच्या वेळात, शाळेला आधी न कळवता, पालकाला वर्गात जाता आलं पाहिजे. आणि मुलाला धरलं, बांधलं किंवा खोलीत एकटं ठेवलं, तर त्याच दिवशी वहीत लिहून पालकाची सही घ्यावी. बोलणारं लेकरू घरी येऊन सांगतं. माझ्या लेकाकडे सांगायला अंगावरचा वळ तेवढा आहे.

विशेष शिक्षिका
ताई, ती खुर्ची तशी वापरणं चूकच, त्यावर वाद नाही. पण 'कधीही आत या' हे मला मान्य नाही. अनोळखी माणूस दारात दिसला की माझ्या वर्गातली काही मुलं कान दाबून ओरडतात आणि पुढचे दोन तास हातातून जातात. शिवाय तुम्ही याल तेव्हा एखाद्या मोठ्या मुलीचे कपडे बदलणं सुरू असेल. तिच्या आईने ते का चालवून घ्यावं?

आमची बाजूही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर साध्या शाळांसाठीसुद्धा प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरलं. माझ्या वर्गात त्याहून जास्त मुलं आहेत आणि मावशी दोन वर्गांत मिळून एक. मेल्टडाउन झालं, म्हणजे सगळं असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटला, की एक मुलगा फरशीवर डोकं आपटतो. मी एक तळहात त्याच्या डोक्याखाली ठेवते, दुसऱ्या हाताने खांदा धरते. तेवढ्यात दुसरा फाटकाकडे पळतो, आणि बाहेर ट्रकचा रस्ता आहे. अशा वेळी धरलं तर ते मारणं होत नाही.

खामल्याचा बाबा
मॅडम, तुमच्यावर कोणी आळ घेत नाही आहे. पण आम्ही बोलायचं कसं ते सांगा ना. मागे मी फक्त एवढं विचारलं की दंडावर बोटांचे ठसे काऊन आहेत. उत्तर आलं, 'पटत नसेल तर दुसरी शाळा बघा.' दुसरी कुठून आणू? एवढ्या लांबून रोज नेणारा व्हॅनवालाही भेटत नाही. हेच माहीत असल्यामुळे पालक गप्प बसतात.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना उघडकीस आली आणि सरकारने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. आमच्याकडेही लागले. फाटकावर आणि व्हरांड्यात. ज्या खोलीत थेरपीच्या वेळी दार लावून घेतात, तिथे नाही.

इतवारीतली आई
मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. माझी मुलगी याच कडक बाईंमुळे हाताने जेवायला शिकली. आपण बाजारात, लग्नात लेकरू आवरेना की त्याचा हात आवळतोच. मग शाळेकडूनच संताची अपेक्षा का? रोज संशय घेतला तर चांगल्या बाई सोडून जातील. माझी मुलगी परत घरी बसली तर तिला कोण बघणार? मी नोकरी करते.

सिव्हिल लाइन्सची वकील
घरी आपण काय करतो, यावरून शाळेला मोकळीक मिळत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 92 आणखी कडक आहे. दिव्यांग व्यक्तीचा अपमान करण्याच्या हेतूने मारहाण केली, किंवा ती आपल्या ताब्यात असताना जाणूनबुजून अन्नपाणी नाकारलं, तर किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षं कैद. छळ होत असेल तर कलम 7 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे माहिती देता येते. तहसीलदारांकडेही हे अधिकार असतात. मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर फोनही करता येतो.

'मूल बोलत नाही, साक्ष कोण देणार' हे ऐकून घेऊ नका. ज्याला बोलता येत नाही त्याने खुणांनी किंवा लिहून दिलेली साक्षही कायद्याने चालते. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या प्रकरणात जबाब घेताना विशेष शिक्षकाची मदत घ्यायची तरतूद आहे. वळ दिसला त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा आणि डॉक्टरांकडून लेखी नोंद घ्या.

विशेष शिक्षिका
वहीचं मला पटलं. खरं तर ती आम्हालाही वाचवेल. कधी, कशामुळे, किती मिनिटं धरलं हे लिहिलेलं असलं की उगाच आरोप होणार नाही. आणखी एक सुचवते. आमच्या चित्रकार्डांत पाणी, शू, जेवण, झोका सगळं असतं, पण 'दुखलं' आणि 'नको' ही कार्डं बऱ्याच ठिकाणी नसतात. ती पहिल्या दिवसापासून शिकवावीत, घरी आणि शाळेत तीच. दाराबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

मानेवाड्याची आई
कार्डं मी उद्याच करते. माझ्या लेकाला चित्रं पटकन कळतात. पण मॅडम, दाराचं मी सोडणार नाही. वर्गात येऊन बसायचा माझा हट्ट नाही. दाराला उभी काच लावा आणि कपडे बदलायला आत पडदा करा. मी बाहेरून बघून निघून जाईन, माझ्या लेकाला कळणारही नाही. आणि इतवारीच्या ताई, तुमची अडचण मला समजते, मीही याच लेकासाठी नोकरी सोडली. पण बाईंनी जेवायला शिकवलं म्हणून बेल्ट आवळलेला चालतो, असं मी मानणार नाही.

खामल्याचा बाबा
काच चालेल मला. पण वही शाळेच्याच कपाटात राहणार असेल तर तिचा उपयोग नाही. मुलाच्या डायरीत त्याच संध्याकाळी तीच नोंद यायला पाहिजे, मॅडमच्या सहीने. पुढच्या पालकसभेत मी हे लेखी देणार आहे. एकट्याचं पत्र असलं की शाळा परत दुसरी शाळा बघा म्हणेल, म्हणून सह्या लागतील. कोण कोण करणार ते इथेच सांगा.