ऑनलाइन आयटीआर (इन्कम टॅक्स रिटर्न) भरताना कुठे अडलात, कसं सुटलं? अनुभव लिहा

२०२५ मध्ये आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नची मुदत ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती (या धाग्यातले आकडे, कलमं आणि मुदती त्याच वर्षाच्या) त्यामुळे वेळ जास्त होता, पण नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, जुने सहकारी यांचे फोन मला जूनपासूनच येत होते आणि निम्मे प्रश्न दरवर्षीचे तेच असतात. कुठला फॉर्म भरू? आधीच भरून आलेले आकडे तसेच ठेवू का? रिफंड कधी येणार? म्हणून हा धागा काढतेय. ज्यांनी स्वतः आयकर खात्याच्या पोर्टलवर किंवा एखाद्या खाजगी सॉफ्टवेअरमधून रिटर्न भरलंय त्यांनी नेमकं काय अडलं आणि कसं सुटलं ते लिहा, त्रोटक असलं तरी चालेल. फक्त पॅन, आधार, खातेनंबर दिसतील असे स्क्रीनशॉट कृपया टाकू नका.

सुरुवात मी करते. मी सीए नाही, पण घरातल्या सगळ्यांची रिटर्न्स मीच भरते. माझं एक म्हणणं आहे आणि ते मी प्रत्येकाला कळकळीने सांगते, की प्री-फिल्ड आकडे म्हणजे बँकेने, कंपनीने, म्युच्युअल फंडाने तुमच्याबद्दल सरकारला जे कळवलं ते. ते बरोबर असेलच असं नाही आणि पूर्ण असेल असं तर धरूच नका. शेवटी डिक्लरेशन तुम्ही देता. फॉर्म उघडायच्या आधी फॉर्म १६ (कंपनी देते तो पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला), २६एएस आणि एआयएस (आयकर खात्याकडे असलेलं तुमच्या उत्पन्नाचं वार्षिक विवरण) तिन्ही समोर ठेवायचे. २६एएसमध्ये मुख्यतः तुमच्या नावावर जमा झालेला टीडीएस (आधीच कापलेला टॅक्स) दिसतो. एआयएस २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं, त्यात बचत खात्याचं व्याज, डिव्हिडंड, शेअर-फंडांची विक्री असं बरंच काही येतं. बाबांच्या एआयएसमध्ये एकाच एफडीचं व्याज दोनदा आलं होतं. तिथेच फीडबॅकची सोय आहे, त्यात ही नोंद डुप्लिकेट आहे हा पर्याय निवडला, बँकेकडून व्याजाचं सर्टिफिकेट घेऊन फाइलला लावलं आणि रिटर्नमध्ये खरं व्याज भरलं. उलटंही होतं बरं का. त्यांच्या पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज एआयएसमध्ये कुठेच नव्हतं. दिसत नाही म्हणजे भरायचं नाही असं नसतं, ते पासबुकावरून बेरीज करून धरलंच.

*

चांगला धागा. माझा अनुभव नोकरी बदलल्याचा. ऑक्टोबरमध्ये कंपनी बदलली, नव्या एचआरने आधीच्या पगाराची माहिती देणारा फॉर्म १२बी मागितलाच नाही. मग काय होतं, दोन्ही कंपन्या आपापल्या परीने स्लॅबचा फायदा देतात, दोन्हीकडे ७५ हजाराचं स्टँडर्ड डिडक्शन (पगारातली सरसकट वजावट) धरलेलं असतं, आणि दोन्ही फॉर्म १६ वेगवेगळे बघितले तर अगदी बरोबर दिसतात. बेरीज केली की टॅक्स कमी कापला गेलाय हे कळतं. पोर्टलवर दोन्ही एम्प्लॉयर टाकल्यावर भरायची रक्कम आली आणि ती चांगलीच मोठी होती, वर अ‍ॅडव्हान्स टॅक्स कमी भरला म्हणून २३४बी आणि २३४सी खाली दरमहा १ टक्क्याने व्याज. पैसे भरताना ई-पे टॅक्समध्ये असेसमेंट इयर २०२५-२६ निवडायचं (आर्थिक वर्ष २०२४-२५ होतं पण इथे पुढचं वर्ष लागतं, इथेच लोक गोंधळतात) आणि प्रकार सेल्फ असेसमेंट, कोड ३००. मग चलनावरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा नंबर) आणि चलन नंबर रिटर्नमध्ये आलाय का ते बघून मगच सबमिट. ज्यांनी वर्षाच्या मध्ये नोकरी बदललीये त्यांनी एचआरची वाट न बघता आधीच्या पगाराची माहिती आपणहून द्या, मार्चपर्यंत पगारातून थोडं थोडं कापलं जाईल.

*

आईला बाबांच्या मागे फॅमिली पेन्शन मिळते. ती पगाराच्या रकान्यात टाकायची नाही, इतर उत्पन्नात फॅमिली पेन्शन असा वेगळा पर्याय आहे तिथे टाकायची. स्टँडर्ड डिडक्शन यावर मिळत नाही, त्याऐवजी पेन्शनचा एक तृतीयांश किंवा नव्या रिजीममध्ये (दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत अशी करपद्धत) २५ हजार, जे कमी असेल ते वजा होतं. जुन्यात तीच मर्यादा १५ हजार. स्वतःच्या नोकरीची पेन्शन मात्र पगारातच. बऱ्याच आज्यांच्या रिटर्नमध्ये हे उलटसुलट झालेलं मी बघितलंय म्हणून आवर्जून लिहिलं.

*

शेअर्सवाल्यांसाठी लिहितो, थोडं लांब होईल.

आधी फॉर्म. २०२५ पासून सहज म्हणजे आयटीआर-१ या साध्या फॉर्ममध्ये लिस्टेड शेअर आणि इक्विटी फंडांचा लाँग टर्म (वर्षाहून जास्त ठेवून विकल्याचा) नफा १.२५ लाखापर्यंत दाखवता येतो, मागचा तोटा पुढे ओढायचा नसेल तर. ही खरंच मोठी सोय झाली, फक्त एका फंडाच्या विक्रीसाठी लोकांना आयटीआर-२ भरावा लागायचा. पण शॉर्ट टर्म एक रुपया जरी असला तरी आयटीआर-२. आणि आर्थिक वर्ष २०२४-२५ चे व्यवहार दोन भागात विभागून बघावे लागतात कारण २३ जुलै २०२४ ला दर बदलले, लाँग टर्म १० चे १२.५ टक्के आणि शॉर्ट टर्म १५ चे २०. ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टमध्ये त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे वेगळे दिलेत का हे तपासा. एआयएसमध्ये खरेदीची किंमत कधीकधी शून्य किंवा भलतीच दिसते, विशेषतः डीमॅट एकीकडून दुसरीकडे नेलं असेल तर, ती तशीच उचलली तर अख्खी विक्रीच नफा म्हणून धरली जाईल.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. आर्थिक वर्ष २०२३-२४ साठी माझं एकूण उत्पन्न सात लाखाच्या आत होतं, नवा रिजीम, त्यात थोडा शॉर्ट टर्म नफा. ८७ए ची रिबेट (ठराविक उत्पन्नापर्यंत टॅक्स माफ करणारी सूट) मिळायला पाहिजे असा हिशोब. पण ५ जुलै २०२४ ला पोर्टलची युटिलिटी (टॅक्स मोजणारं सॉफ्टवेअर) बदलली आणि शॉर्ट टर्मवरच्या टॅक्सला रिबेट द्यायची बंद झाली. कायदा तोच, उत्पन्न तेच, ४ तारखेला भरलं असतं तर शून्य आणि मी भरायला बसलो तेव्हा टॅक्स. रकानाच लॉक, हाताने टाकायची सोय नाही! शेवटी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली, कोर्टाच्या डिसेंबरमधल्या आदेशानंतर सुधारित आणि उशिराच्या रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवली आणि रकाना उघडला. त्या मुदतीत मी रिव्हाइज्ड रिटर्न भरलं. माझा निकाल सीपीसीकडून (रिटर्न तपासणारं आयकर खात्याचं केंद्र) अजून यायचाय. पण एवढं कळलं की सॉफ्टवेअर जो आकडा दाखवतं तो कुणीतरी लावलेला अर्थ असतो. तुम्हाला पटत नसेल तर तेव्हाची गणनेची पीडीएफ आणि स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. (आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून मात्र नव्या रिजीममध्ये असल्या विशेष दराच्या उत्पन्नावर रिबेट नाही हे बजेटमध्ये स्पष्टच केलंय, तेव्हा बारा लाख करमुक्त म्हणून शेअर्सचा नफा त्यात धरू नका.)

*

वरच्या दादांचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला.

माझा प्रश्न वेगळा होता, बाबा गेले त्या वर्षीचं रिटर्न. कुणी म्हणालं आता भरायची गरज नाही, कुणी म्हणालं त्यांच्याच लॉगिनने भरून टाक. दोन्ही नको. गेल्या दिवसापर्यंतचं उत्पन्न त्यांच्या पॅनवर असतं आणि करपात्र असेल तर वारसाने भरायचं असतं. आपल्या स्वतःच्या लॉगिनमधून रिप्रेझेंटेटिव्ह असेसी म्हणून नोंदणी करायची, त्यात मृत व्यक्तीचा कायदेशीर वारस हा प्रकार निवडायचा. मृत्यूचा दाखला, त्यांचा पॅन आणि वारस असल्याचा पुरावा अपलोड करावा लागतो. आम्ही तहसीलमधून घेतलेला दाखला लावला. मंजुरी आली की आपल्याच लॉगिनमध्ये त्यांचं प्रोफाइल दिसतं, तिथून भरायचं. व्याजाचं मात्र नीट बघा, बँक आख्ख्या वर्षाचा आकडा त्यांच्याच पॅनवर कळवते, त्यातलं गेल्यानंतरच्या तारखांचं व्याज ज्याला ठेवी मिळाल्या त्याच्या उत्पन्नात येतं. बँकेकडून तारखेनुसार व्याजाचं स्टेटमेंट मागून घ्या. त्या दिवसांत हे सगळं करायची ताकद नसते हे मला माहितीये, मुदतीच्या आत जमलं नाही तरी ३१ डिसेंबरपर्यंत लेट फी भरून करता येतं, उत्पन्न पाच लाखाच्या आत असेल तर फी एक हजार, त्यावर पाच हजार.

*

सबमिट केलं म्हणजे झालं असं समजू नका लोकहो. ई-व्हेरिफाय (रिटर्न आपणच भरल्याची पडताळणी) केल्याशिवाय रिटर्न ग्राह्य नाही. पूर्वी १२० दिवस मिळायचे, १ ऑगस्ट २०२२ पासून ३० झाले. सासूबाईंच्या आधारला जुना मोबाइल नंबर होता जो बंद झालेला, ओटीपी येणार कुठून, मग नेटबँकिंगमधून लॉगिन करून व्हेरिफाय केलं, चुटकीसरशी झालं. नेटबँकिंग नसेल तर सही केलेला आयटीआर-व्ही (रिटर्नची पोचपावती) बंगळुरूला सीपीसीला पोस्टाने पाठवायचा मार्ग अजून चालू आहे.

*

सॉफ्टवेअर कन्सल्टिंग करते, क्लायंट १९४जे (व्यावसायिक फीवरच्या टीडीएसचं कलम) खाली १० टक्के कापतो. हातात येतं ते दरमहा ठरलेलं म्हणून त्याला पगार समजून आयटीआर-१ भरा असा सल्ला खूप मिळाला, तो ऐकू नका, १९४जे खाली कापलं जातं ती व्यावसायिक फी, पगार नाही. ४४एडीए या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कलमात एकूण जमेच्या निम्मी रक्कम तरी नफा म्हणून दाखवायची, खर्चाची बिलं दाखवायला लागत नाहीत, फॉर्म आयटीआर-४ सुगम. मर्यादा ५० लाख, आणि रोखीने आलेली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५. पण ही सोय ठराविक व्यवसायांनाच आहे, डॉक्टर, वकील, इंजिनियर, आर्किटेक्ट, तांत्रिक सल्लागार वगैरे, आपला व्यवसाय त्यात बसतो का आधी बघा. अ‍ॅडव्हान्स टॅक्स एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत. आणि जुना रिजीम हवा असेल तर आम्हा लोकांना फॉर्म १०-आयईए मुदतीआधी भरावा लागतो, नोकरदारांसारखा रिटर्नमध्ये नुसता पर्याय निवडून चालत नाही.

*

खाजगी सॉफ्टवेअर वापरावं की पोर्टल, यावर माझं मत. फक्त पगार आणि व्याज असेल तर पोर्टल पुरेसं आहे आणि फुकट आहे. शेअर्सचे भरपूर व्यवहार असतील तर ब्रोकरची फाइल आपोआप ओढून घेणाऱ्या सॉफ्टवेअरने खूप वेळ वाचतो, दोन्ही रिजीमची तुलनाही शेजारी शेजारी दिसते. पण मी वापरलेल्या एकाने फॉर्म १६ ची पीडीएफ वाचताना एचआरए (घरभाडे भत्ता) उचललाच नव्हता आणि तुलनेत नवा रिजीम फायद्याचा दाखवत होता, हाताने भरल्यावर जुना स्वस्त निघाला! त्यामुळे इम्पोर्टनंतर फॉर्म १६ च्या भाग बी मधली प्रत्येक ओळ ताडून बघायची. २०२५ पासून जुन्या रिजीमवाल्यांना तपशील जास्त लागतोय, ८०सी (गुंतवणुकीची वजावट) साठी पॉलिसी किंवा खात्याचा नंबर, ८०डी (आरोग्य विमा) साठी विमा कंपनीचं नाव, गृहकर्ज असेल तर बँक आणि कर्जखाते, ते आधी काढून ठेवा. आणि जुना रिजीम मुदतीत भरलं तरच मिळतो, उशीर झाला की नवाच.

*

माझ्याकडे आरएसयू म्हणजे कंपनीने कर्मचारी म्हणून दिलेले अमेरिकन शेअर्स आहेत. एक शेअर जरी असला, विकलेला नसला तरी आयटीआर-१ चालत नाही, शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावंच लागतं. गंमत नाही, स्थावर सोडून परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांहून जास्त असेल तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखाचा दंड होऊ शकतो. त्यात माहिती कॅलेंडर वर्षाची म्हणजे २०२५ च्या रिटर्नमध्ये ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतची जाते, आर्थिक वर्षाची नाही. तिकडे डिव्हिडंडवर २५ टक्के कापतात त्याचं क्रेडिट घ्यायला फॉर्म ६७ वेगळा भरायचा. हे सगळं सॉफ्टवेअर विचारत नाही, आपणच शेड्यूल शोधून चालू करावं लागतं.

*

नवीन आहे, पहिल्यांदा भरलं. सबमिट केलंय, व्हेरिफाय नाही केलं, आणि आता एका एफडीचं व्याज राहिलेलं दिसतंय. रिव्हाइज करू का? आणि रिफंड साधारण कधी येतो?

*

धागा काढणारी मीच. व्हेरिफाय केलं नसेल तर रिव्हाइज नको, ई-फाइलमध्ये डिस्कार्डचा पर्याय आहे, ते रिटर्न रद्द करून पुन्हा नवं भर. व्हेरिफाय झालं असतं तर रिव्हाइज, आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नसाठी त्याला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वेळ होता.

रिफंडचा ठराविक दिवस सांगता येत नाही, पण तुझ्या हातात आहे ते आज करून टाक, बँक खातं प्री-व्हॅलिडेट (पोर्टलवर पडताळून मान्य) झालंय का आणि रिफंडसाठी निवडलंय का ते प्रोफाइलमध्ये बघ. बँकेतलं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच अडकतं. रिफंड फेल झाला तरी बुडत नाही, खातं दुरुस्त करून रिफंड रीइश्यूची विनंती टाकता येते. नंतर १४३(१) ची इंटिमेशन (रिटर्न तपासून झाल्याची सूचना) ईमेलवर येईल, ती सगळ्यांनाच येते, घाबरू नकोस. पासवर्ड म्हणजे पॅन लहान लिपीत आणि लगेच पुढे जन्मतारखेचे आठ आकडे, दिवस-महिना-वर्ष (ddmmyyyy) या क्रमाने, मध्ये काही चिन्ह न देता. आत दोन रकाने असतात, तू भरलेलं आणि त्यांनी मोजलेलं. दोन्हीकडे आकडे सारखे असतील तर ती पीडीएफ जपून ठेव, फरक असेल तर कुठल्या ओळीत आहे ते इथे लिही, बघू आपण.