डिझेल बंद केलं तरी बोटीचं इंजिन थांबेना, अशा वेळी काय करायचं?

शिडाचीदोरी: इंजिन न्यूट्रलला चालू होतं आणि अचानक रेस आपोआप वाढायला लागली, थ्रॉटल पूर्ण खाली, स्टॉपची केबल ओढली, टाकीचा कॉक बंद केला तरी आवाज चढतच गेला आणि एक्झॉस्टमधून निळसर पांढरा धूर. शेवटी सोबतच्याने जाड फळी हवेच्या तोंडावर दाबून धरली तेव्हा कुठे बंद पडलं. टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) असलेलं इंजिन आहे. हीच पद्धत बरोबर का? आणि आता पुढे काय बघू?

ग्रीसगन: फळी एकदम बरोबर. डिझेल इंजिनला स्पार्क नसतो त्यामुळे किल्ली बंद करून काही होत नाही, आणि ते स्वतःचंच ऑइल जाळायला लागलं की डिझेल तोडूनही उपयोग नाही, मग हातात उरते फक्त हवा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर असता तर फ्यूल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) किंवा गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) अडकल्याचा संशय घेतला असता, तिथे डिझेल तोडून काम होतं, फक्त पाइपात उरलेलं संपेपर्यंत थोडा वेळ जातो. फळी सपाट आणि तोंडापेक्षा मोठी हवी, इंजिनजवळच ठेवा. हात किंवा फडकं अजिबात नको, फडकं आत खेचलं जातं आणि हाताचं काय होईल ते सांगायला नको.

खाऱ्यापाण्यातला: सीओटूचा आग विझवायचा सिलिंडर इनटेकमध्ये, म्हणजे हवेच्या तोंडात मारला तरी थांबतं, पण बंद इंजिनरूममध्ये त्याने माणूस गुदमरतो, मारा आणि लगेच बाहेर पडा. पावडरचा नको, ती आत जाऊन सगळं घासून काढते. आणि कृपा करून फ्लायव्हीलच्या रेषेत किंवा ब्लॉकच्या बाजूला उभं राहू नका, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. हवा बंद करायला जवळ जाता येत नसेल तर माणसं बाहेर काढा, इंजिन गेलं तर गेलं. थांबल्यावरही क्रँककेसचं (इंजिनच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाचं) झाकण लगेच उघडायचं नाही, गरम ऑइलच्या वाफेला हवा मिळाली की भडका उडतो. पूर्ण गार होऊ द्या.

शिडाचीदोरी: गार झाल्यावर डिपस्टिक बघितली. ऑइल फुल मार्कच्या बरंच वर आलंय आणि डिझेलचा वास येतोय!

ग्रीसगन: मग टर्बोच्या सीलआधी इंजेक्टर आणि लिफ्ट पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्राम बघा, तिथून डिझेल संपमध्ये (तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरतंय. लेव्हल वाढली, ऑइल पातळ झालं की ब्रीदरमधून (क्रँककेसची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) त्याची वाफ इनटेकला जाते. ब्रीदर चोंदलाय का तेही बघा. ऑइल, फिल्टर दोन्ही बदला आणि इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारा भाग) काढून आत साचलेलं ऑइल पुसून घ्या, नाहीतर स्टार्ट केल्या केल्या तेच पेटेल. पहिल्यांदा चालू कराल तेव्हा एअर फिल्टर काढलेला आणि फळी घेऊन एकजण तोंडाशी उभा पाहिजे.