ट्रॉम्सोला अरोरा: केपी २ आणि किट लेन्सवर काही हाती लागेल का?

सांजवेळ:
अरोरा (ध्रुवीय प्रकाश) टिपायला मार्चच्या मध्याला नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला चार रात्री मुक्काम आहे. क्रॉप सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, त्यासोबत आलेली १८-५५ मिमी एफ/३.५-५.६ किट लेन्स आणि हलका ट्रायपॉड एवढंच सामान. अ‍ॅप केपी (भूचुंबकीय हालचालीचा ० ते ९ निर्देशांक) २ च्या वर काही दाखवत नाही. मग बाहेर पडण्यात अर्थ आहे का? शटर कोणी ३० सेकंद सांगतं, कोणी ३. नक्की किती ठेवू?

ध्रुवमत्स्य:
केपी २ बघून खोलीत बसून राहू नका. ट्रॉम्सो जवळपास ६९.६ अंश उत्तरेला, अरोराच्या कड्याखालीच, म्हणजे ध्रुवाभोवती तो जिथे उमटतो त्या कंकणाकार पट्ट्याखालीच आहे. केपी हा अख्ख्या पृथ्वीचा, तीन तासांचा आकडा. तो वाढला की कडं दक्षिणेकडे सरकतं, तेव्हा ट्रॉम्सोहून अरोरा दक्षिणेच्या आकाशातही दिसू शकतो; फक्त उत्तरेकडे तोंड करून उभं राहू नका.

केपीपेक्षा बीझेड बघा. सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलं, म्हणजे बीझेड उणे झाला, की ऊर्जा पृथ्वीच्या चुंबकीय कवचात शिरते. उणे ५ नॅनोटेस्लाच्या आसपास अर्धा तास टिकला तर कपडे चढवून तयार राहा. हे मोजणारी यानं पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवर आहेत, त्यामुळे इशारा साधारण अर्धा ते एक तास आधी मिळतो.

खरा शत्रू ढग. नॉर्वेच्या हवामान खात्याच्या अंदाजात खालचे, मधले, वरचे ढग वेगळे बघा; वरच्या विरळ ढगांतून अरोरा दिसतो, खालच्यांतून नाही. किनारा झाकलेला असला तरी ई-८ रस्त्याने स्किबोत्न किंवा पुढे फिनलंडमधलं किल्पिसयार्वी बरेचदा मोकळं असतं, कारण ओल डोंगरांच्या अलीकडेच सांडते. बर्फाळ रस्त्यावर रात्री गाडी चालवायची सवय नसेल तर गाइडसोबत जा.

काळोख:
३० सेकंद विसरा. अरोराचे पडदे हलत असतात, एवढ्या वेळात सगळा हिरवा काला होतो. लेन्स १८ मिमीला, एफ/३.५, आयएसओ ३२००. मंद पट्टा असेल तर ८ ते १० सेकंद. नाचायला लागला की २ सेकंद, फार उजळला तर त्याहून कमी. व्हाइट बॅलन्स ३८०० केल्विनच्या आसपास पक्का करा, फाइल रॉ. अंधारात स्क्रीन नेहमी उजळ भासतो, म्हणून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा.

किट लेन्सची खरी गोची फोकसमध्ये आहे. बहुतेकांची फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक असते, त्यामुळे ती पक्की करायला चिकटपट्टी लावून उपयोग नाही. कॅमेरा झोपला की फोकस हलू शकतो; ऑटो पॉवर ऑफ बंद ठेवा. आधी झूम १८ वर आणा, मॅन्युअल फोकस करा, ठळक तारा मोठा करून बघा आणि तो सर्वात बारीक टिंब होईल तिथे थांबा. झूम हलवलंत तर पुन्हा करा. यूव्ही फिल्टर काढाच: अरोराचा हिरवा प्रकाश जवळपास एकाच तरंगलांबीचा (५५७.७ नॅनोमीटर), त्यामुळे सपाट काचेच्या दोन पृष्ठभागांमुळे फोटोच्या मधोमध वर्तुळं उमटतात.

सांजवेळ:
लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू ठेवू का? आणि थंडीत बॅटरीचं काय करायचं?

काळोख:
नॉइज रिडक्शन बंद. ८ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा नॉइज वजा करायला तेवढ्याच वेळाचा काळा फोटो घेत आणखी ८ सेकंद अडकून बसतो, तेवढ्यात उत्तम क्षण हुकतो. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशनही बंद, दोन सेकंदांचा टायमर लावा.

ध्रुवमत्स्य:
बॅटऱ्या तीन, दोन आतल्या खिशात अंगाच्या उबेला. थंडीने ‘संपलेली’ बॅटरी ऊब मिळाली की बरेचदा पुन्हा चालते, फेकू नका. हलक्या ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय बर्फात दाबून घट्ट बसवा. लेन्सवर फुंकर मारायची नाही, लगेच दहिवर बसतं. परतताना बाहेरच कार्ड काढून घ्या आणि कॅमेरा झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा. आत आल्यावर दोन-तीन तास उघडू नका, नाहीतर गरम हवेतलं पाणी थेट लेन्सच्या आत जमतं.